एका बैलाची झूल

२ ऑगस्ट
पोळा तोंडावर आणि मी मशीन सोडून झुली धरून उभा. सून शीतल फोटो काढते आहे. आता म्हणे कॅटलॉग मोबाइलवर. गिऱ्हाइकाने कापड, काठ, आरसे निवडायचे, बैलाचं नाव टाकायचं, की तयार झूल पडद्यावर. मी म्हटलं, कापडाला हात न लावता झूल घेणारा माणूस रिसोड तालुक्यात अजून जन्मायचा आहे.

४ ऑगस्ट
सगळे नमुने रंगवार लावून झाले होते. दुपारी तिने स्वतःच मोडले. "मामाजी, मानूस रंग पाहून नाई, बैल पाहून झूल घेते." आता पहिला प्रश्न: बैल कसा? पांढऱ्यावर बोट ठेवलं की जांभळ्या, लाल झुली वर येतात. तांबड्यावर ठेवलं की हिरव्या. जन्मभर मी तोंडाने हेच विचारलं, पण फळीवर गठ्ठे रचले ते रंगानेच. पोरीचं डोकं म्हणजे डोकं आहे. तोंडावर कोण सांगणार! चहा मात्र मी केला.

९ ऑगस्ट
घोळ. आमच्या दुकानात एक झूल म्हणजे जोडीची. सगळ्यांना माहीतच, म्हणून कॅटलॉगात लिहिलं नाही. केनवडच्या विष्णूने 'नग १' टाकलं, मोराचा नमुना, बैल पाखऱ्या. मी सवयीने जोडी शिवली. एकीच्या पाठीवर मोर, दुसरीच्या लांडोर, बैल शेजारी उभे राहिले की चोची एकमेकांकडे. दुसऱ्या नावाची जागा सोडून फोन केला. तर म्हणतो, "काका, मले एकच पायजे. वाटनी झाली ना आमची. जोडीचा बाळ्या दादाकडं गेला."
वासरं असल्यापासून एका जुवाखाली होते ते. फार वाईट वाटलं.

१० ऑगस्ट
शीतलने नवा खण उघडला: 'एक बैल'. मी भडकलो. एकट्या बैलाची झूल माझ्या आज्यानेही कापली नाही, अपशकुन!
"मंग सावड करनाऱ्यायनं काय करायचं? एक बैल याचा, एक त्याचा. त्यायचा पोळा नाई का?"
संध्याकाळी आसेगावहून त्या खणात ऑर्डर आलीसुद्धा. या लोकांना आम्ही कधी विचारलंच नव्हतं. मानलं तिला.

१३ ऑगस्ट
'एक बैल'मध्ये गजाननची ऑर्डर. विष्णूचा मोठा भाऊ. बैल बाळ्या, नमुना लांडोर. ती तर शिवून पडलीच आहे, नावाची जागा सोडून! शीतल म्हणते, "कोनालेच काई सांगू नका." मला गप्प राहणं उपासापेक्षा कठीण.

१९ ऑगस्ट
मोराची झूल विष्णूने काल नेली. आज गजानन आला. लांडोरीची झूल उलटसुलट पाहिली, हिरवे गोंडे चाचपले.
"हिचं तोंड कोनीकडं?"
"डावीकडं."
"बाळ्या उजवीकडूनच चालते," स्वतःशीच बोलला. मग, "पाखऱ्याले कोनती देली?"
माझ्या ओठावर आलं होतं. शीतल म्हणाली, "ते त्या घरचं हाय, भाऊ."
घडी नीट घालून गेला.

२२ ऑगस्ट, पोळा
शीतलने गिऱ्हाइकांकडून फोटो मागवलेत, कॅटलॉगला लावायला. मोबाइल वाजला की मी मान वर करतो. केनवडचा एकच आला, विष्णूचा. तोरणाखाली पाखऱ्या, पाठीवर मोर, काय उठून दिसतो! त्याच्या उजव्या अंगाला, अगदी कडेला, कुणाच्या तरी झुलीचा हिरवा गोंडा. आपला की दुसऱ्याचा? मोठा करून पाहिला, नुसता धुरळा.
शीतल विचारते, "कोनत्या खनात टाकू? एक बैल, का जोडी?"
म्हटलं, थांब. आज कुठेच टाकू नको.