ग्रहणात कापलेली सुतळी

पिंपळवंडी
ता. १४ जून २०२६

चि. सौ. हर्षाली,

खंडेराया तुला आणि शौर्यला सांभाळो. इकडे सगळे बरे. डिंभ्याला पाऊस लागला असेल, बाळाचं डोकं झाकत जा. फोन तुझे आदेशदादा उचलतात आणि ठेवून देतात. त्यांचा राग बरोबरच आहे, म्हणून तिकडे निघालेल्या भागूजवळ हे पत्र देते.

शौर्यचं डोकं लहान का, ते कळलं. ग्रहणाचे वेध लागल्यावर तू टोमॅटो बांधायला सुतळी कापलीस, म्हणून नव्हे. माझी भाची स्नेहल प्रयोगशाळेत फळमाशीच्या मेंदूवर हेच काम करते. तिने मला समोर बसवून सांगितलं. मेंदू घडवणाऱ्या मूळ पेशी असतात. काम संपलं की त्यांनी मरायचं, तसा निरोप शेजारच्या पेशींकडून येतो. पण पेशीच्या आतला डीएनएचा धागा गच्च गुंडाळलेला असतो, ठरावीक जागा मोकळी झाली तरच निरोप लागू पडतो. बाळाची ती गुंडाळी नीट बसली नाही. जागा आधीच उघडी पडली, पेशी वेळेआधी गेल्या.

ही खोट पिढीतूनही येते. तुझं रक्त तपासलं, त्यात नाही. माझा गोरख म्हणाला, "मला काय झालंय? पोतं उचलतो की!" मग मी रक्त दिलं. माझ्यात निघाली. ते ऐकून तो गपचूप जाऊन देऊन आला. त्याच्यातही तीच. आम्हा मायलेकात वर काही दिसलं नाही, बाळात दिसलं. असं होतं म्हणे.

ज्यांनी बारशाला तुला बोल लावून माहेरी धाडलं त्या धोंडाबाई, माझ्या थोरल्या जाऊबाई, गुरुवारी एकादशीच्या भजनाला होत्या. मी सगळ्या बायकांत सांगितलं. त्या म्हणाल्या,
"येडी झाली का? सुनेचं खापर सोताच्या डोक्यावर घेती!"
"माझंच हाये, बाई. ज्याचं त्याच्या नावावर मांडा."
शेजारची कुशाबाई तेवढी म्हणाली, "मंग पोरीला आणा की आता."

तू विचारलं होतंस, औषध आहे का. एवढं लांबवत आले ते त्यासाठीच. नाही गं. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. उरल्यात त्यांना शिकवायचं, बसायला, धरायला, बोलायला. त्याला घरात माणसं लागतात.

गोरख मंगळवारी येईल. त्याच्याबरोबर ये, असं म्हणत नाही. त्याला हवं तर ओट्यावरच बसव. पण शौर्यला त्याच्या मांडीवर दे.

नकळत दिलं, तरी दिलेलं माझंच,
तुझी सासू
प्रतिभा