मेहुणा, आत्या आणि दोन मामा

सोमवार, ३ तारीख. सकाळी ९.१०
साहेबांनी नव्या प्रोग्रामर बाई माझ्या हवाली केल्या. वीस वर्षं शाळेत शिकवून आता इकडे वळल्यात. दातांच्या दवाखान्याचा अपॉइंटमेंटचा प्रोग्राम मी लिहिलेला. येत्या सोमवारी त्यात एक बदल बाईंनी एकटीने करून दाखवायचा. जमलं तर टीमप्रमुख मी. जमणारच!

सोबत नियमांचा कागद. नावं अर्थपूर्ण ठेवा, एका फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याला, एकच काम द्या, ते का केलं ते शेजारी कॉमेंटमध्ये, म्हणजे टिपेत, लिहा. नवख्यांना सोपं जातं म्हणे. तळाशी 'ऐच्छिक'. म्हणजे माझ्यासाठी नाही. कागद चहाच्या कपाखाली ठेवला.

मंगळवार, ४
बाईंनी विचारलं, 'मेहुणा' हे फंक्शन काय करतं? सांगितलं, घेतो सगळं, परत काही देत नाही. 'आत्या' एका हाकेत सगळ्यांना कामाला लावते. याहून अर्थपूर्ण नावं कुठली? बाई हसल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं.

बुधवार, ५
'मामा' आणि 'मामा२' यांत फरक काय, असा प्रश्न. म्हटलं, अनुभवाने कळेल. मलाच आठवेना. निश्चय : उद्या लवकर येऊन कॉमेंट लिहायच्या.

गुरुवार, ६
लवकर आलो. प्रमुखाच्या खुर्चीत बसून बघितलं. पाठीला बरी आहे. कॉमेंट उद्या.

शुक्रवार, ७. दुपारी ४
बाई वही दाखवायला आल्या. बिझी आहे म्हणालो. नावं बदलू का, म्हणाल्या. साफ नकार. बायको म्हणते, त्यांना नाही जमलं तर नुकसान तुझंच ना? तिला यातलं कळत नाही.

सोमवार, १०. सकाळी ९.१५
बदल साधा : प्रत्येक पेशंटला पंधराऐवजी वीस मिनिटं. दवाखाना साडेनऊला उघडतो. बाई म्हणाल्या, जरा वही बघते. साहेब मागे उभे. राहवेना, कीबोर्ड मीच ओढला. 'मामा'ला वीस केलं.

९.३५
दवाखान्यातून फोन. दारात अकरा जण गाल धरून उभे आणि दुसऱ्या पेशंटचा नंबर उद्या पहाटे पावणेसहाला. 'मामा' म्हणजे तास निघाला. मिनिटं 'मामा२'कडे, तिथे अजून पंधराच.

९.४०
बाईंनी वही उघडून दुरुस्त केलं. दोन मिनिटं लागली. त्यांनी प्रत्येक नावासमोर अर्थ शोधून लिहिलाय. साहेब ती वही चाळत बसले.

मंगळवार, ११. सकाळी ११
बाई टीमप्रमुख. वाईट वाटलं. खूप वाटलं. त्यांनी पहिलं काम मला दिलं, माझ्या प्रत्येक फंक्शनपुढे ते काय करतं ते लिहायचं. सात झाली. उरलेली एकशे चार काय करतात, ते बाईंना विचारायला आलोय. त्या मीटिंगमध्ये आहेत. बाहेर बाकावर बसलोय.