सव्वीस खिशांचा कोट

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठांपैकी तीन अंगं प्रवासात आखडली आहेत, तेव्हा सध्या उरलेल्या पाचांचाच स्वीकार व्हावा.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन उत्तम झालं आणि आता पलंगावर पडल्यापडल्या तुला छताच्या कोपऱ्यातली जळमटंसुद्धा दिसतात, असं तुझ्या भाचीकडून कळलं. फार आनंद झाला. त्या भरवशावर हे पत्र बारीक अक्षरात लिहीत आहे. भाऊजींना नमस्कार. त्यांनी दुरुस्तीला उघडून ठेवलेला रेडिओ अजून मिटला नसेल तर घाई करू नये म्हणावं, आता तसे रेडिओ कुणी ऐकतही नाही. आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे एक खुशाल आहे आणि दुसरा तुला पत्र लिहितो आहे.

झालं असं. तुझी भावजय चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाली, हे तुला माहीतच आहे. निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापक म्हणाले की बाईंनी हजारो मुलांना घरबसल्या जग दाखवलं. घरी आली, पर्स खुंटीला अडकवली आणि दुकानाच्या दारात उभी राहून मला म्हणाली, "अहो, मी समुद्र पाहिलेला नाही." मी एका जाड्या गिऱ्हाइकाची पँट कापत होतो. नेहमीप्रमाणे म्हणालो, "बघू." (हे 'बघू' मी लग्नापासून म्हणत आलो आहे. मनात वाईट काही नसतं गं, पण गिऱ्हाईक दारात असतं.) ती म्हणाली, "तुम्ही बघत बसा, मी निघाले." आणि लेकीला फोन लावला.

लेकीनं दोन तासांत विमान, राहायची जागा, सगळं ठरवून टाकलं, आणि वर आम्हाला जगाचं वळण काय आहे यावर व्याख्यान दिलं. आता म्हणे आठ दिवसांत दहा शहरं पळत पळत पाहायची पद्धत गेली. लोक एकाच गावी जाऊन निवांत बसतात आणि त्याला प्रवास म्हणतात. (मग मी तीस वर्षं दुकानात बसून काय करत होतो?) मोठ्या बॅगाही गेल्या. माणशी एक छोटी बॅग, वजन सात किलो, त्यावर एक सॉक्स चालणार नाही. कपडे मोजून सहा, आणि सगळे एकाच रंगाचे, म्हणजे कशावरही काहीही जातं. रंग कुठला, तर वाळूचा. ताई, मी पुरुषांचे कपडे शिवणारा माणूस; नेव्ही ब्लूच्या अकरा छटा अंधारात बोटांनी ओळखतो असं लोक म्हणतात. (मीच म्हणतो, पण लोक ऐकून घेतात.) त्या मला लेक सांगते, बाबा, वाळू. तुझ्या भावजयीनं मात्र मुकाट्यानं वाळूचे सहा कपडे घेतले, त्यांची सुरळी करून बॅगेत भरले आणि काट्यावर ठेवले. सहा किलो आठशे. माझी बॅग नुसत्या सूटनंच भरली. इस्त्री, टेप, दोऱ्यांची रिळं, छत्री, पावसाळी बूट सगळं बाहेर.

तेव्हा मला ती कल्पना सुचली, जिच्यामुळे पुढचं सगळं रामायण घडलं. नियम बॅगेच्या वजनाला आहे, माणसाच्या नाही. मी चार दिवस दुकान बंद ठेवून (हो, बंद ठेवून, बायको दाराशी येऊन बघून गेली) एक कोट शिवला. बाहेरून अगदी सभ्य, करडा, गुडघ्यापर्यंत. पण त्याला सव्वीस खिसे. बाहेर आठ, अस्तरात बारा, बाह्यांत चार आणि पाठीवर दोन. काजं हातानं केली. अस्तराला दुहेरी टीप. तुझ्याकडे पहिली टीप घालायला शिकलो तेव्हा तू माझ्या बोटांवर फूटपट्टी मारायचीस, त्या फूटपट्टीची शपथ, असा कोट मी आयुष्यात शिवला नव्हता. भरून काट्यावर चढलो तर कोटाचं वजन अकरा किलो भरलं. चालताना मी किंचित खणखणत होतो. बायकोनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, वही काढली, आणि कुठल्या खिशात काय आहे ते मला विचारून विचारून लिहून घेतलं. मला वाटलं, कौतुकानं लिहिते आहे.

विमानतळावर तपासणीच्या रांगेत मी त्या यंत्राच्या चौकटीतून गेलो मात्र, यंत्र असं ओरडलं की मागचे तीन लोक आपापली पाकिटं चाचपायला लागले. गणवेशातल्या बाई आल्या. "काका, खिसे रिकामे करा." मी सुरुवात केली. रिळं, टाचण्यांची डबी, बोटात घालायचं अंगुस्तान, बटणं, चष्मे दोन, सॉक्स चार जोड, तिचा जाडजूड नकाशासंग्रह, छत्री. एक ट्रे भरला, दुसरा भरला, चौथ्याला त्या बाई खुर्ची घेऊन बसल्या. छोटी कात्री निघाली ती त्यांनी ठेवून घेतली. (ती कात्री नेता येत नाही हे मला माहीत होतं, पण ती कोटात आहे हे माझ्या लक्षात नव्हतं.) मग म्हणाल्या, "आता पासपोर्ट दाखवा." आणि ताई, माझ्या तोंडचं पाणी पळालं. पासपोर्ट दारात दाखवून मी पुन्हा अतिशय सुरक्षित जागी ठेवले होते, इतक्या सुरक्षित की ती जागा आठवेना. विमानाची घोषणा झाली. पुन्हा झाली. मी स्वतःला सगळीकडून थोपटत गोल गोल फिरत होतो आणि दोन तरुण मुली फोन वर धरून माझं चित्रण करत होत्या.

तुझ्या भावजयीनं वही उघडली. तिनं माझ्या कोटाचा नकाशा काढला होता! सूचीसकट! बाहेरचे आठ खिसे म्हणजे किनारपट्टी, अस्तरातले बारा म्हणजे पठार, बाह्या म्हणजे द्वीपकल्पं आणि पाठीवरचे दोन म्हणजे दुर्गम प्रदेश. वर्गात दांडगट मुलाला उभं करावं तसं मला उभं करून म्हणाली, "पाठ फिरवा. दुर्गम प्रदेश, पूर्व भाग." गणवेशातल्या बाईंनी हात घातला आणि दोन्ही पासपोर्ट निघाले. माझा जीव भांड्यात पडला. त्या बाई हसून हसून लाल झाल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "मॅडम, तुमच्यासारखी बाई आमच्याकडे हवी." मला कुणी काही म्हणालं नाही.

आम्ही पोहोचलो ते गाव समुद्राकाठचं, चढणीचं, दगडी पायऱ्यांचं. राहायची जागा तिसऱ्या मजल्यावर, शेजारच्या खोलीला आणि आम्हाला मिळून एकच लांब बाल्कनी. रस्त्यावर पाहिलं तर फॅशनचा नुसता धुमाकूळ. तरुण पोरं आजोबांचे कोट घालून हिंडतात, बाह्या हाताच्या बोटांखाली लोंबतात. जे कोट मी 'आता पोत्यात भरा' म्हणून परत पाठवले, ते तिथं दुकानात काचेमागे टांगलेले. एक अख्खं कुटुंब, आईबाप आणि दोन मुलं, एकाच हिरव्या कापडाचं, जणू एकाच ताग्यातून फाडून काढलेलं. कुणी तर कपडे आणलेलेच नव्हते, गावात भाड्यानं घेतले. मला गुदमरल्यासारखं झालं. (त्यात कोटाचाही वाटा होता.)

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको म्हणाली, "चला समुद्रावर." मी म्हणालो, पाय दुखतात, तू पुढे हो, मी आलोच. ती गेली. मी बाल्कनीत बसलो तर शेजारच्या दोरीवर एक पँट वाळत होती. गुडघे पार फाटलेले, धागे लोंबत होते. माझा जीव कळवळला. परदेशात एखादी गरीब मुलगी, फाटक्या पँटीवर दिवस काढते आहे. मी रिळं काढली, निळ्यात तंतोतंत निळा जुळवला आणि दोन तास बसून दोन्ही गुडघे असे रफू केले की उलट करूनही कळू नये. (कात्री नसल्यानं दोरे दातांनी तोडले.) परत टांगून ठेवली आणि मनात म्हटलं, हिला देव भेटल्यासारखं होईल.

ती मुलगी आली. किंचाळली. मग फोनमध्ये तिच्या भाषेत काहीतरी बोलली आणि फोन माझ्यासमोर धरला. फोन शुद्ध मराठीत म्हणाला, "आदरणीय वृद्ध, आपण माझ्या गुडघ्यांची हत्या केली आहे." पुढं फोनच्याच तोंडून कळलं की ती पँट फाटलेलीच विकत मिळते, न फाटलेलीपेक्षा महाग मिळते, आणि ती भोकं एका नामांकित माणसानं जागा ठरवून पाडलेली होती. मी फोनला म्हणालो, "बाळ, चूक झाली, आत्ता उसवून देतो." फोननं तिला काय सांगितलं देव जाणे. पँट उजेडात धरून तिनं ते रफू पाहिलं. बोट फिरवलं. उलटी केली. मग खाली बसली आणि फोन म्हणाला, "हे मनुष्याच्या हाताने झाले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत तिनं आणलेली चौघं हजर. हातशिलाईची दुरुस्ती मिरवायची, हेही म्हणे जगात नव्यानं आलं आहे. कुणाचा स्वेटर कोपराला गेलेला, कुणाच्या आजोबांच्या कोटाचं अस्तर सुटलेलं. एक जण माझ्या कोटाभोवती तीन प्रदक्षिणा घालून विचारतो, कुठल्या कंपनीचा? मी म्हणालो, माझा. त्यानं ते लिहून घेतलं. ताई, खोटं कशाला सांगू, मी फुललो. इथं महिन्यात दोन पँटी नि एक झिप येते. तिथं पोरं माझ्या टाक्यांचे फोटो काढत होती. बायको रोज दारात उभी राहून विचारायची, "येता?" आणि मी सुई तोंडात धरून म्हणायचो, "बघू." असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तिनं विचारलंच नाही.

ते माझ्या लक्षात आलं दुपारी. हातात कुणाचा तरी स्वेटर होता. स्वेटर तसाच खुर्चीवर टाकला, अकरा किलोंचा कोट अंगात अडकवला आणि पायऱ्या उतरत सुटलो. किनाऱ्यावर पोहोचलो तर ती कुठंच दिसेना. ताई, वाळूच्या रंगाचे कपडे घातलेली बायको वाळूत शोधून पाहा कधीतरी! लेकीच्या नावानं मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथं लिहीत नाही. शेवटी ती दिसली नाहीच, ऐकू आली. तो आवाज मी कुठंही ओळखेन; शाळेतला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. वाळूत काठीनं सूर्य, चंद्र, पृथ्वी काढून ती सातआठ परक्या माणसांना भरती-ओहोटी शिकवत होती. मराठीत. एका अक्षराचा अर्थ कुणाला कळत नव्हता, पण दोघं जण वहीत उतरवून घेत होते.

वर्ग सुटल्यावर मी जवळ गेलो. तिनं विचारलं, "संपली शिलाई?"

"बंद केली."

"गिऱ्हाईक ओरडेल."

"ओरडू दे."

पाणी खूप आत गेलं होतं. ती तिकडंच बघत म्हणाली, "अहो, चौतीस वर्षं मी ओहोटी शिकवली. तिला असा वास येतो हे मला ठाऊकच नव्हतं. पोरांना सांगायला हवं होतं हो."

मला वाटलं होतं ती माझ्यावर चिडेल. तिला वाईट वाटत होतं ते पोरांचं. ताई, त्या क्षणी तुझी ती फूटपट्टी मिळती तर मी स्वतःच्याच बोटांवर मारून घेतली असती. म्हणालो, "माझं चुकलं." ती म्हणाली, "बसा." मी कोट काढून अंथरला, तिला त्यावर बसवलं. ती बोलत राहिली, मी ऐकत राहिलो. तिनं भरतीची वेळ सकाळीच कागदावर काढलेली होती, अगदी मिनिटासकट, पण बोलण्याच्या नादात कागद पाहायचं राहून गेलं आणि पाणी वेळेवर आलं. कंबरेपर्यंत भिजलो. कोटात समुद्र शिरला, सव्वीस दारांनी. तो दोघांनी मिळूनही उचलेना, म्हणून ओढत आणला, आणि पायऱ्यांवर बसून ती इतकी हसली की तिला उचकी लागली. असं हसताना मी तिला लेकीच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं.

उरलेले चार दिवस मी सुईला हात लावला नाही. (एकदा लावला. बटण होतं.) एकंदरीत प्रवास ही दगदग आहे, हवा मानवत नाही, पायऱ्या फार, आणि यापुढे मी घर सोडून कुठंही जाणार नाही हे नक्की केलं आहे. तुम्ही दोघांनी प्रकृती जपावी.

तुझा धाकटा

ता. क. मूळ सांगायचं राहिलंच. तुझ्या भावजयीनं पुढच्या महिन्यात बर्फाच्या नद्या पाहायला जायचं ठरवलं आहे, आणि तेही निव्वळ बायकांच्या गटाबरोबर. हेही नवीन निघालं आहे म्हणे. पुरुषांना प्रवेश नाही. मी फोन करून दोनदा विचारलं, एकदा आवाज बदलून. तू वडीलधारी आहेस, तुझा शब्द ती मोडणार नाही. या वयात असं एकटीनं जाणं बरं नव्हे, निदान नवऱ्याला तरी न्यावं, असं चार ओळींत तिला लिही. मी सांगितलं म्हणून लिहू नकोस.

ता. क. २. वन्सं, नमस्कार. हे पत्र टाकायला माझ्याच हातात दिलं, तेव्हा वाचलं. शुद्धलेखनाच्या नऊ चुका सुधारल्या आहेत. गटात एक जागा उरली होती, तिथं मी तुमचं नाव घातलं. वय चार वर्षांनी कमी लिहिलं आहे, विचारलं तर तेच सांगा. बुटांचं माप तेवढं कळवा. तुमच्या ह्यांना आठ दिवस इकडे पाठवून द्या, दोघं एकमेकांना सांभाळतील.

ता. क. ३. ताई, ती आत गेली आहे म्हणून घाईनं लिहितो. भाऊजींना स्वयंपाक येतो ना?