आपोआप उठणारा रोलबार

४ फेब्रुवारी

पुन्हा उठला! गाडी गॅरेजमध्ये जागेवर उभी, आत कोणी नाही, आणि सीटमागचा रोलबार धाडकन वर. मी पाना टाकून पळाले. दादा म्हणाला, "मेकॅनिकबाई घाबरल्या!" स्वतः पांढराफटक पडला होता.

५ फेब्रुवारी

डोकं शांत व्हावं म्हणून लिहून काढते. उघड्या टपाची गाडी उलटली तर डोक्यावर छत नाही, म्हणून हा जाड नळीचा रोलबार. एरवी सीटमागे आडवा पडलेला. बटण दाबलं की पंप तेल ढकलतो आणि तो म्हाताऱ्यासारखा सावकाश उठतो, तसाच निजतो. पण संकटात तेलाची वाट कोण बघणार? तेव्हा खटका सुटतो आणि दाबून ठेवलेली स्प्रिंग त्याला पापणी लवायच्या आत वर फेकते. खटका सोडायला सेन्सर दोन. एक गाडी कलली तर. दुसरा मागचं चाक खाली लोंबलं तर, म्हणजे चाकाखाली जमीनच उरली नाही तर.

इथे गाडी सपाट उभी, चावी चालू. मग खटका सोडतंय कोण?

७ फेब्रुवारी

चाकाचा सेन्सर नवा बसवला. दुपारी परत धाडकन! दादाचा हात थोडक्यात वाचला. "झपाटलेली आहे ही. वायर कापतो आणि देऊन टाकतो." मी भांडले. गाडीच्या मालकीणबाई लेकीला घेऊन घाटातून जाणार — उलटली तर? सोमवारपर्यंत मुदत मिळाली.

८ फेब्रुवारी

गाडी दिवसभर रस्त्यावर ठेवली, चावी चालू. हूं नाही की चूं नाही. संध्याकाळी गॅरेजच्या नेहमीच्या कोपऱ्यात आणली आणि लगेच उठला!

त्यात आईची कुरकुर. भिंतीपलीकडे तिची खोली, तिथलं दार लागत नाही. परवाच रंधा मारला होता, आज परत अडकलं. सगळं एकदमच बिघडायचं असतं.

९ फेब्रुवारी

अंगावर काटा आलाय. आई पलंगावरून उठली, चालायला लागली, आणि इकडे रोलबार उठला. तो खाली बसवला आणि मुद्दाम हाक मारली, "आई, जरा कपाटापाशी जा गं." गेली. धाडकन!

"काय पडलं गं?"

"काही नाही."

दादाला सांगितलं. म्हणे, "आई आली की आपण पण असेच ताडकन उभे राहायचो." हसलो दोघंही. पण आईचा आणि ह्या गाडीचा काय संबंध? मला भीती वाटतेय. गाडीची नाही, आईसाठी.

१० फेब्रुवारी, सोमवार

दादा पक्कड घेऊनच आला. म्हटलं, थांब, सेन्सर काय म्हणतोय ते तरी ऐकूया. चाकाखाली जमीन नाही म्हणतोय ना? तेल सांडतं म्हणून त्या कोपऱ्यात कित्येक वर्षं लोखंडी पत्रा टाकलेला. आम्ही गाडी उघडून उघडून बघितली, पत्र्याखाली एकदाही नाही! गाडी बाहेर ढकलली. पत्रा उचलला.

फरशी नव्हती. टॉर्च मारला, तळ दिसेना. भोक भिंतीखालून सरळ आईच्या खोलीकडे गेलेलं. तिकडे आईचं पाऊल पडलं की इकडे पत्रा खचायचा आणि चाक लोंबायचं.

"आई, पलंगावरून पाय खाली टाकू नकोस!" दार अडकलेलंच, म्हणून दादाने बाहेरून खिडकीचे गज कापले. तिला उचलून बाहेर काढलं. ती ओरडतेय, "अरे, माझा चष्मा!" थोड्या वेळाने आत मोठा आवाज झाला. पलंग गेला. चष्माही गेला. आई आहे. रडू आवरत नाही.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ

तिघंही रस्त्यावर, गाडीत बसलोय. आईला थंडी वाजत होती, हीटरसाठी दादाने चावी फिरवली. आत्ता मागे रोलबार उठला.