बोलण्याचं कलम

आसगाव, तालुका पवनी
१४ मे १९८३

तीर्थरूप दौलतभाऊंच्या पायांवर धाकट्या हिरामणचं डोकं (सध्या अर्ध्याच केसांचं, कारण पुढे येईल). आपली, वहिनींची आणि साकोलीच्या दुकानाची प्रकृती ठणठणीत असावी. वहिनींचा गुडघा उन्हाळ्यात जास्त दुखतो की कमी, हे मी मागच्या पत्रांतही विचारलं होतं. ती पत्रं बहुधा पोस्टाने गिळली. मी इथे अगदी खुशाल आहे.

आमच्या नागपूरच्या लॉ कॉलेजने सुट्टीत गोरगरिबांना फुकट कायदेशीर सल्ला द्यायचं ठरवलं, हे तुम्हाला माहीत आहेच (तुम्ही तेव्हा म्हणालात, फुकटचं कोण घेईल, त्यावर मी केवढं भाषण दिलं!). प्रत्येक गावी दोन विद्यार्थी जायचे होते. माझ्या जोडीदाराला ऐन वेळी कांजण्या निघाल्या आणि मी एकटाच जाडजूड पुस्तकांची ट्रंक घेऊन इथे उतरलो. ग्रामपंचायतीने तलावाच्या पाळीजवळ, बांधाला लागूनच, एक खोली दिली. मी दारावर 'मोफत विधी सल्ला केंद्र' अशी पाटी लावली, केस विंचरले आणि गर्दीची वाट बघत बसलो. अजून बसलोच आहे.

भाऊ, झालं असं की वकिलाशी बोलणं म्हणजे घरात भांडण पेटलं, असा इथे पक्का समज आहे. माझ्या ओट्याला कोणी पाय लावला की त्याच्या भावाला घाम फुटतो. त्यामुळे गावातली सगळी शहाणी माणसं मला बघितलं की पलीकडच्या बाजूने जातात. जेवणाचा डबा येतो, पण आणणारी बाई तो उंबऱ्याबाहेर ठेवून अशी पळते की तिला 'आज भाजी कशाची' एवढंही विचारता येत नाही. श्रावण न्हावी तेवढा धीट निघाला. पाळीवरच्या झाडाखाली त्याने माझी डावी बाजू कापली, मी आनंदाने त्याला धानाच्या पिकाबद्दल विचारलं, आणि तेवढ्यात त्याचा चुलतभाऊ धावत आला. 'काहून गा श्रावण, वाटणी मागून राहिला का तू?' श्रावण कैची घेऊन खुलासा करायला घरी गेला तो गेलाच. उजवी बाजू तशीच आहे. मी डोक्याला दुपट्टा बांधून फिरतो. (गाव म्हणतं, वकिलाला ऊन लागलं.)

मग कुंताबाई आली. विधवा बाई, जमीन नवऱ्याच्या नावावर, कसतो तिचा एकुलता एक मुलगा सोमाजी. ती सूपभर चिंचा घेऊन आली, सरळ माझ्या ओट्यावर बसली आणि चिंचोके काढू लागली. मी घाईघाईने विचारलं, जमिनीत हिस्सा पाहिजे का? म्हणाली, 'मले काही नोको, बाबू. पोरगा जेवाले देते, लुगडं घेते. पण माह्यासंग बोलतच नाही थो. त्याले बोलाले लाव.' मी ट्रंक उपसली. कलम १२५ मध्ये आईबापांच्या पोटापाण्याची सोय आहे, पण मुलाने आईशी दोन शब्द बोलावेत असं कलम काही मला सापडलं नाही. तसं सांगितलं तर म्हणाली, 'राहू दे, मी बसतो इथंच.' आणि रोज येऊन बसू लागली. आम्ही खूप बोलायचो, भाऊ. तुमच्याबद्दलही सांगितलं मी तिला. आई गेल्यावर शाळेचा डबा तुम्हीच भरून द्यायचात, तेही सांगितलं. कोर्टात उभं राहिल्यासारखा बोलत होतो मी, एवढं बोलणं साचलं होतं.

इकडे सोमाजीची झोप उडाली. आई वकिलाकडे रोज काय लिहून देते, या विचाराने तो वाळला असावा, कारण मागच्या आठवड्यात तो स्वतःच ओट्याखाली येऊन उभा राहिला. 'माय, घरी चाल. तुले जे बोलाचं ते मले बोल. वकिलाले कायले सांगतेस?' कुंताबाईने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, सूप उचललं आणि गेली. आता दोघं मायलेक अंगणात बसून बोलतात, हे मला खिडकीतून दिसतं. माझ्या आयुष्यातली पहिली केस मी सोमाजीशी एक शब्द न बोलता जिंकली. तेव्हापासून ओट्यावर कोणी येत नाही. मला फार वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं याची लाज वाटते.

वहिनींना नमस्कार. दुकानातला गूळ उन्हात ठेवू नका.

आपला
हिरामण

ता. क. वर 'खुशाल' लिहिलं ते हाताच्या सवयीने. एखाद्या रविवारी येऊन जाल का? कामासाठी नव्हे. ओट्यावर नुसतं बसायचं.

आणखी एक ता. क. हे पत्र रजिस्टर टपालाने, केंद्राचा शिक्का मारून पाठवतो आहे. पाकीट बघून तुम्हाला वाटेल, धाकट्याने हिश्शाची नोटीस पाठवली. वाटू द्या, सोमाजीही घाबरला तेव्हाच बोलला. आणि उत्तर लिहायला सवड नसेल तर राहू द्या. सोबत पोचपावती जोडली आहे, तिच्यावर पोस्टमनसमोर तुम्हाला सही करावी लागेल, आणि ती पावती माझ्याकडे परत येते. तुमचं अक्षर तरी बघायला मिळेल.