यांची गाडी आणि चिरलेला पाइप

मंगळवार, दिवेलागण

आज माझ्या नातीनं, सोनलनं, आमच्या यांची जुनी गाडी बरी केली. सातपूरला गॅरेजात काम शिकते, लय हुशार पोर! चालू इंजिनाजवळ उदबत्ती धरली, तर धूर एका रबरी पाइपात ओढला गेला.

"आजी, इथं चीर पडलीय. हवा आत शिरते, म्हणून सिग्नलला गाडी बंद पडायची."

नवा पाइप घातला, गाडी कशी गुमान चालली. मी पोरीची दृष्ट काढली, अन् मग यांच्या हार घातलेल्या फोटोपुढं जाऊन बसले.

भर चौकात गाडी बंद पडली तेव्हा मीच यांना बोलले होते, "पाय थकला तुमचा, क्लच नीट दाबत नाय. सोडा आता गाडी." यांनी किल्ली माझ्या हातात दिली. परत मागितली नाय. जाईपर्यंत स्वतःच्या पायालाच दोष देत राहिले.

पाय चांगला होता हो तुमचा. आता कुणाला सांगू?