तिला कुणी ढकललं नाही

प्रिय चिमणे,

आधी सगळ्यांची खुशाली. तुझा घसा कसा आहे? परवा टीव्हीवर आवाज अगदी चिरकत होता. जावईबापूंची कंबर सरळ झाली का, की अजून खुर्चीतून उठताना टेबलाला शरण जातात? धाकटीचा पुढचा दात आला का? आणि वहिनीचा गुडघा? ती विचारल्याशिवाय सांगायची नाही आणि विचारलं तर थांबायची नाही, म्हणून तूच दोन ओळी लिही. मी बरी आहे. म्हणजे हातपाय बरे आहेत.

तू त्या दुसऱ्या खटल्यासाठी घरच्यांना घेऊन परगावी गेलीस त्याला सहा आठवडे झाले. ऑफिस मी रोज साडेनऊला उघडते, टपाल लावून ठेवते, तुझ्या खुर्चीवरची धूळ झटकते. फोन केला की तू म्हणतेस, आत्या, कोर्टात आहे, नंतर बोलू. ते नंतर काही उगवत नाही. रागावले नाही गं, तुझे वडीलही तसलेच होते. दादाच्या कागदांचं टायपिंग करता करताच मी कायदा शिकले. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण कार्बन पेपरवर. 'संशयाचा फायदा' हे शब्द इतक्यांदा बडवलेत की झोपेतसुद्धा बोटं बरोबर कळांवर पडतील.

म्हणून तर तू कॅमेऱ्यांसमोर खटले समजावून सांगायला लागलीस तेव्हा तुला वाचून दाखवायची चिठ्ठी लिहायचं काम माझ्याकडे आलं. तुझी भाषा निकालपत्राची. पहिल्यांदा बोललीस तेव्हा खालच्या इस्त्रीवाल्यानं मला विचारलं होतं, वकीलबाई झकास बोलल्या, पण तो माणूस सुटला की अडकला? त्या दिवशी आपलं ठरलं, इस्त्रीवाल्याला कळेल तेवढंच चिठ्ठीवर येईल. जामीन म्हणजे सुटका नाही, आरोपी म्हणजे गुन्हेगार नाही, ही वाक्यं लोकांच्या तोंडी बसली. तू बोलायचीस आणि मी इथे एकटीच मान डोलवायची. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत होती तुझ्या कामाची, पण चिठ्ठी कधी चुकली नाही.

मग त्या शिवणकारखान्यातल्या मुलीचा निकाल लागला. एकोणीस वर्षांची, कारखान्याच्या गच्चीवरून पडलेली. आपला अशील तिचा मुकादम, आणि त्यानंच ढकललं हा आरोप. पाहणारं कुणी नाही. न्यायाधीशांनी संशयाचा फायदा दिला, तो सुटला, आणि कायद्यानं ते बरोबरच होतं, ते मी आजही म्हणेन. तू मला ओळ सांगितलीस: मुलीस आरोपीने अथवा अन्य कोणी ढकलल्याचे सरकारी पक्षास सिद्ध करता आलेले नाही. बाहेर पायऱ्यांवर कॅमेरेवाले खोळंबलेले, तू एका हातानं कोट चढवत होतीस. मी इस्त्रीवाल्याला डोळ्यांसमोर आणलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तिला कुणी ढकललं नाही.' तू ते कॅमेऱ्यांपुढे जसंच्या तसं वाचलंस. पडताळून पाहिलं नाहीस, कारण कागद आत्याच्या हातचा होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तेच, जाड टाइपात.

पुढच्या आठवड्यापासून मुलीची आई ऑफिसात येते. रोज दहाला. पहिल्या दिवशी मला वाटलं भांडायला आली, मी पदर खोचून उभी राहिले. ती हळूच बाकावर बसली आणि म्हणाली, बाई, मुकादमाचं जाऊ द्या. पण तिला कुणी ढकललं नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तर ती कशी पडली तेही ठाऊक असेल. पाय घसरला का? तेवढं सांगा, मी जाते.

चिमणे, इतकी वर्षं कोर्टाच्या वाऱ्यात काढली, असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तिला सिद्ध होणं म्हणजे काय, न होणं म्हणजे काय, सगळं उलगडून सांगितलं. ती मान हलवायची, पाणी प्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दहाला यायची. माझा सगळा कायदा पालथ्या घड्यावर पाणी.

या सोमवारी मात्र ती विचारायला आली नाही, सांगायला आली. म्हणाली, आता उमगलं. कुणी ढकललं नाही म्हणजे ती आपणहून गेली. त्या सकाळी मी तिला बोलले होते, डबा विसरली म्हणून. म्हटलं होतं, तुझ्यानं एक काम धड होत नाही. तेच तिच्या जिवाला लागलं. मुकादमाला उगीच कोर्टात फिरवलं, त्याची माफी मागायला जाते. हे सगळं तिनं भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, अगं, ते वाक्य माझं आहे, सोपं करायला गेले आणि चुकले, आम्हाला कुणालाच काही ठाऊक नाही. तिनं उलट माझीच समजूत घातली. म्हणाली, तुम्ही माझं मन राखताय. वकीलबाई एवढ्या लोकांपुढे माहीत नसताना कशाला बोलतील?

म्हणून हे पत्र. फोनवर तू अशिलाचं नाव काढशील, निकाल लागला म्हणशील, आणि तुझं खरंही असेल. कॅमेऱ्यांपुढे या निकालाबद्दल आता पुन्हा बोलशील अशी आशा मला नाही, ते पुढच्या खटल्याकडे गेलेत. मला फक्त तुझ्या हस्ताक्षरातली, तुझ्या सहीची एक ओळ हवी: 'तुमची मुलगी कशी गेली हे मला माहीत नाही.' मी लिहिलेलं ती मानत नाही. तुझं मानेल का, तेही सांगता येत नाही. काल आणि आज ती आली नाही. तिचा पत्ता खटल्याच्या कागदांत आहे, तुझी ओळ हातात पडली की तशीच जाईन. उलट टपाली लिही गं. बाकीची खुशाली मागाहून कळवलीस तरी चालेल.

तुझीच,
आत्या